लॉगमध्ये ‘का’ नसतो

सर्व्हर बंद पडला की आमच्याकडे दुसऱ्या दिवशी अहवाल लिहावा लागतो. काय झालं, कधी झालं, कशामुळे झालं. ते नीट जमावं म्हणून मी विमान अपघातांचे अहवाल वाचायला लागलो. त्यातल्या एकाने मात्र मला अजून सोडलेलं नाही.

३१ ऑक्टोबर १९९९. न्यूयॉर्कहून कैरोला निघालेलं इजिप्तएअर ९९० नॅन्टकेट बेटाजवळ अटलांटिकमध्ये कोसळलं. २१७ माणसं गेली. पुरावा एकच, पण त्याची वाचनं दोन झाली. अमेरिकेच्या एनटीएसबीने राखीव सहवैमानिकाकडे बोट दाखवलं, तर इजिप्तच्या तपास यंत्रणेने शेपटीतल्या एलिव्हेटरच्या बिघाडाकडे.

कप्तान कॉकपिटबाहेर गेलेला. सहवैमानिक एकटा. ऑटोपायलट बंद होतो, विमान नाक खाली करून सुटतं, आणि तो पुन्हा पुन्हा म्हणतो: माझा भरवसा देवावर. सुरुवातीला बातम्यांनी याच्या जोडीला ‘मी निर्णय घेतलाय’ असंही एक वाक्य छापलं. ते टेपवर नव्हतंच.

इथे मला इजिप्तची बाजू पटते. माझी आजी एसटीत चढताना ‘पांडुरंगा’ म्हणते, गुडघा दुखला तरी ‘पांडुरंगा’. ते शब्द वेगळे काढून, भाषांतर करून कुणी तिचा हेतू ठरवायला बसलं तर? हे वाक्य ऑटोपायलट बंद होण्याआधीही एकदा ऐकू येतं. सवय म्हणा, प्रार्थना म्हणा, कबुली म्हणा. एकट्या त्या वाक्यावरून काहीच ठरत नाही.

पण हात बोलतात. कप्तान परत येतो, काय चाललंय म्हणून विचारत राहतो. इंजिनं बंद केली जातात. दोन्ही बाजूंचे एलिव्हेटर उलट दिशांना वळतात. एनटीएसबी त्याचा अर्थ असा लावते, की एकजण विमान वर खेचत होता आणि दुसरा खाली ढकलत होता. चूक झाली असती तर शेजारी माणूस आल्यावर ती सुधारली गेली असती. इजिप्तने सुचवलेले बिघाडही तपासून पाहिले गेले. रेकॉर्डरमधल्या आकड्यांशी ते जुळले नाहीत. इजिप्तच्या वाचनाची खरी अडचण ही आहे: ते एका भागाचं स्पष्टीकरण देतं, सगळ्या घटनाक्रमाचं नाही.

आणि तरीही २००२ च्या एनटीएसबी अहवालाच्या निष्कर्षात ‘आत्महत्या’ हा शब्द नाही. कारण म्हणून सहवैमानिकाच्या हातून झालेल्या क्रिया नोंदवल्या आहेत. त्याने तसं का केलं, हे ठरवता आलं नाही, असं शेवटी लिहिलंय. काहींना ही मुत्सद्देगिरी वाटते. मला ते अहवालातलं सगळ्यात धाडसाचं वाक्य वाटतं. २१७ घरं उत्तर मागत असताना, पुरावा जिथे संपतो तिथेच थांबणं सोपं नसतं.

मला ते जमलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या लॉगिनवरून चुकीची कमांड चालली आणि डेटा उडाला. कमांड, वेळ, नाव, सगळं लॉगमध्ये होतं. मी पुढे एक शब्द स्वतःचा घातला: ‘निष्काळजीपणा’. तो कुठल्याच लॉगमध्ये नव्हता. त्या रात्री तो सलग सोळा तास काम करत होता, हे मला नंतर कळलं. तोवर अहवाल वरपर्यंत पोचला होता.