बक्षीस कशाला लागू पडतं?

(अल्फी कोहन यांच्या ‘पनिश्ड बाय रिवॉर्ड्‌स’ या पुस्तकाविषयी)

पहिली-दुसरीच्या वर्गातला एक तक्ता आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा आहे. डावीकडे मुलांची नावं, पुढे रिकामे चौकोन आणि त्यांत चिकटवलेल्या चांदण्या. ज्यांच्या नावापुढे चांदण्यांची रांग लागलेली असते, त्यांना खरं तर तिची फारशी गरज नसते. ज्यांचे चौकोन रिकामे राहतात, ती मुलं हळूहळू त्या भिंतीकडे बघायचंच सोडून देतात. तक्ता लावण्यामागचा हेतू चांगलाच असतो. मुलांना हुरूप यावा, एवढंच त्या बाईंना हवं असतं. पण हुरूप वाचण्याचा आला की चांदणीचा, हे तक्ता बघून कळत नाही.

नेमका हाच प्रश्न धरून अमेरिकन लेखक अल्फी कोहन यांनी १९९३ साली ‘पनिश्ड बाय रिवॉर्ड्‌स’ हे पुस्तक लिहिलं. बक्षीस हीच शिक्षा, असा त्या नावाचा रोख आहे. कोहन स्वतः काही काळ शिक्षक होते. पुस्तकाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, २०१८ मध्ये, त्याची नवी आवृत्ती निघाली. शाळा, घर आणि नोकरीची जागा या तिन्हींचा विचार त्यात एकत्र केलेला आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो: हे पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावं, पण त्यातलं सगळंच मान्य करू नये. काय घ्यावं आणि काय सोडावं, याबद्दल हा लेख आहे.

कोहन यांचा मुख्य रोख वर्तनवादावर आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरं यांच्यावर प्रयोग करून दाखवलं, की ज्या कृतीनंतर खाऊ मिळतो ती कृती प्राणी पुन्हा पुन्हा करतो. तीच रीत पुढे वर्गात आणि कारखान्यात आली: ‘हे केलंस तर ते मिळेल’. कोहन म्हणतात, शिक्षा आणि बक्षीस या परस्परविरोधी गोष्टी नव्हेतच. दोन्हींत समोरच्याला आपल्या मनासारखं वागायला लावायचं असतं. मिळेल असं वाटलेलं बक्षीस हुकलं, की ते शिक्षेसारखंच लागतं. बक्षीस देणाऱ्यापासून मूल आपली अडचण लपवू लागतं. बक्षिसासाठी काम करणारं मूल सोप्यात सोपी वाट शोधतं. आणि ज्या गोष्टीची मुळात गोडी होती ती गोडीच आटत जाते.

याखेरीज त्यांचा आणखी एक मुद्दा आहे आणि तो आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो. बक्षीस कारण शोधत नाही. एखादं मूल गृहपाठ करत नाही. कदाचित त्याला फळ्यावरचं नीट दिसत नसेल. घरी बसायला जागा नसेल. मागच्या वर्षीचा भागाकारच कळलेला नसेल. चांदणीची लालूच दाखवली, की यांतलं काहीच विचारावं लागत नाही. शिक्षकाचं काम सोपं होतं आणि मुलाची अडचण जिथल्या तिथे राहते.

आता या म्हणण्याला पुरावा काय ते पाहू. माणसाला शिकण्याची ओढ बाहेरून लावावी लागत नाही, ती आधीपासूनच असते, हे कोहन यांचं गृहीत आहे. तान्ह्या बाळांवरच्या प्रयोगांतून त्याला चांगला आधार मिळतो. १९७२ साली जॉन वॉटसन आणि क्रेग रेमी यांनी आठ आठवड्यांच्या बाळांच्या पाळण्यावर फिरणारी खेळणी टांगली. काही बाळांनी डोकं हलवलं, की उशीतल्या यंत्रणेमुळे खेळणं फिरायचं. काहींचं खेळणं आपोआपच फिरायचं. पहिल्या गटातली बाळं डोकं अधिकाधिक हलवू लागली आणि हसू-खिदळू लागली. ‘हे माझ्यामुळे झालं’ एवढाच त्यांचा खाऊ होता.

वीस महिन्यांच्या मुलांवरचा प्रयोग तर पुस्तकानंतरचा आहे. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी तो २००८ मध्ये प्रसिद्ध केला. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडली, की या वयाची मुलं ती आपणहून उचलून देतात. या मदतीबद्दल काहींना खेळणं दिलं, काहींची नुसती स्तुती केली आणि काहींना काहीच दिलं नाही. पुढच्या वेळी खेळणं मिळालेल्या मुलांनी इतरांपेक्षा कमी मदत केली.

मात्र कोहन यांचा मुख्य आधार आहे तो १९७३ सालचा बालवाडीतला प्रयोग. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रकलेची आवड असलेली मुलं निवडली. एका गटाला आधीच सांगितलं, की चित्र काढलं तर सोनेरी चांदणी लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला ते चित्र काढून झाल्यावर अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं मोकळी ठेवली. तेव्हा बक्षिसाचं आश्वासन मिळालेल्या मुलांनी आपल्या मोकळ्या वेळापैकी ८.६ टक्के वेळ चित्रांना दिला. काहीच न मिळालेल्यांनी १६.७ टक्के आणि अचानक बक्षीस मिळालेल्यांनी १८.१ टक्के वेळ दिला.

हे आकडे नीट वाचायला हवेत, कारण कोहन यांच्याशी आमचा मतभेद इथेच सुरू होतो. पहिली गोष्ट, अचानक मिळालेल्या बक्षिसाने गोडी कमी झाली नाही. म्हणजे नुकसान वस्तूने केलं नाही, ‘हे केलंस तर ते देईन’ या सौद्याने केलं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या प्रयोगातल्या मुलांना चित्रं काढायला आधीच आवडत होतं. जे मूल पुस्तकाला हातच लावत नाही, त्याच्याबद्दल हा प्रयोग काही सांगत नाही. आटायला आधी गोडी असावी लागते. खुद्द संशोधकांनी ही मर्यादा सांगितली होती. कोहन यांच्या जोरकस शैलीत ती मागे पडते. ते निष्णात वकिलासारखं लिहितात. त्यामुळे वाचायला मजा येते, पण दुसऱ्या बाजूचा साक्षीदार फार वेळ पिंजऱ्यात उभा राहत नाही.

दुसरा मतभेद शाबासकीबद्दल आहे. कोहन शाबासकीलाही लाचेच्याच रांगेत बसवतात. एडवर्ड डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसांनी आंतरिक प्रेरणा कमी होते, हे त्यातही दिसलं, आणि तेवढ्यापुरते कोहन बरोबर ठरले. पण तोंडी शाबासकीने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची गोडी वाढलेली दिसली आणि लहान मुलांवर तिचा ठळक परिणाम दिसला नाही. डेसी यांनी केलेला एक भेद शिक्षकाला फार उपयोगी आहे: आपलं बोलणं मुलाला माहिती देतं की ताब्यात ठेवतं? ‘हातचा मिळवायला या वेळी विसरली नाहीस’ ही माहिती झाली. ‘अशीच शहाण्यासारखी वाग, म्हणजे मला आवडशील’ हा ताबा झाला. दोन्हींना आपण शाबासकीच म्हणतो.

तिसरा मतभेद सगळ्यांत मोठा आहे. बक्षिसाने बोलावल्यासारखं वागणं काही काळ मिळतं, एवढं कोहन मान्य करतात. पण त्यातून टिकाऊ काही हाती लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. ‘चालतं’ म्हणजे काय, हे इथे सुटं करून पाहायला हवं. उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेच्या एकशिक्षकी केंद्रांत एस्थर डुफ्लो, रेमा हॅना आणि स्टीफन रायन यांनी एक प्रयोग केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काही केंद्रांत शिक्षकाने रोज शाळा भरताना आणि सुटताना मुलांसोबत आपला फोटो काढायचा, कॅमेऱ्यात तारीख-वेळ उमटायची आणि हजर दिवसांप्रमाणे पगार कमी-जास्त व्हायचा. कॅमेरा नसलेल्या केंद्रांत शिक्षकांची गैरहजेरी ४२ टक्के होती. कॅमेरा असलेल्या केंद्रांत ती २१ टक्क्यांवर आली, आणि मुलांचे गुणही वाढले. पैशाने काम झालं, हे नाकारून चालणार नाही.

पण कोणतं काम झालं? शिक्षक शाळेत आले. येणं मोजता येतं, फोटोत दिसतं. वर्गात आल्यावर मुलाची अडचण ओळखणं, नवी गोष्ट करून बघणं, चुकलेल्या उत्तरामागचा विचार समजून घेणं, हे फोटोत उमटत नाही. क्रिस्टोफर सेरासोली आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये चाळीस वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला तेव्हा हीच फोड समोर आली. किती काम झालं, याचा संबंध बक्षिसाशी जास्त दिसला. ते किती चांगलं झालं, याचा संबंध आंतरिक गोडीशी जास्त दिसला. तेव्हा ‘बक्षीस चालतं का?’ या प्रश्नाऐवजी ‘कशाला लागू पडतं?’ असं विचारायला हवं. हा प्रश्न कोहन यांनी पुरता विचारलेला नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला खटकेल. कोहन यांच्या पुस्तकातलं मूल बहुधा कंटाळलेलं असतं. पुस्तकं वाचल्याबद्दल पिझ्झा देणाऱ्या योजनेवर ते कडाडून टीका करतात, आणि ती रास्तच आहे. पण सगळंच मिळणारं काही आमिष नसतं. महाराष्ट्रात १९९२ साली दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी हजेरीच्या दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शाळेत शिजवलेलं जेवण देणं बंधनकारक झालं. भुकेल्या मुलाला मिळालेली खिचडी हे बक्षीस नव्हे. मुलगी शाळेत गेल्याने घरातलं जे काम अडतं, त्याची थोडी भरपाई म्हणजेही लाच नव्हे. वाटेतला दगड बाजूला करणं आणि गाजर दाखवणं यांत फरक आहे. (दिवसाला एक रुपयाने तो दगड किती सरकतो, हा वेगळा प्रश्न!) चांदण्यांच्या तक्त्यावरची टीका वाचून कुणी खिचडीवर बोट ठेवू नये.

हाच फरक मोठ्यांच्या कामालाही लागू आहे, आणि इथे कोहन यांचं म्हणणं आम्हाला पूर्ण पटतं. माणसांना चांगला आणि न्याय्य पगार द्यावा, मग पैशाचा विचार त्यांच्या डोक्यातून जाईल असं पाहावं, असं ते सांगतात. यातलं पहिलं वाक्य विसरून फक्त दुसरं लक्षात ठेवणारे आपल्याकडे कमी नाहीत. ‘शिक्षण हे व्रत आहे, ध्येयवादी माणूस पैशाकडे बघत नाही’ हे आपण किती वेळा ऐकलंय! महाराष्ट्रात प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ मध्ये १६,००० रुपये होईपर्यंत कित्येक वर्षं महिना ६,००० रुपये होतं. महिनाअखेरीचं गणित जुळवणाऱ्या माणसाला आंतरिक प्रेरणेवर व्याख्यान देणं हा क्रूरपणा आहे. आंतरिक प्रेरणा ही कमी पगाराची सबब होऊ शकत नाही.

मग वर्गात काय करायचं? पुस्तकाच्या शेवटच्या भागात कोहन तीन गोष्टी सुचवतात: करण्याजोगं काम, एकमेकांच्या मदतीने करणं आणि निवडीला वाव. द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळताना यातलं काय जमेल, असं कुणीही विचारील. पण निवड फार मोठी असावी लागत नाही. दहापैकी कोणतीही पाच गणितं सोडवा आणि बाकीच्यांपैकी एक अवघड का वाटलं ते लिहा, एवढ्यानेही सुरुवात होते. पाळण्यातलं बाळ डोकं हलवून जे शोधत होतं, त्याचाच हा थोरला अवतार आहे: माझ्या करण्याने काहीतरी घडतं.

वेळ कमी असेल तर बक्षिसं कारणांकडे दुर्लक्ष करतात हे सांगणारा भाग आणि शेवटची प्रकरणं आधी वाचा. आणि चांदण्यांचा तक्ता उद्याच फाडायची गरज नाही. ज्या मुलांचे चौकोन रिकामे आहेत त्यांची नावं आधी वहीत उतरवून घ्या, आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा: याचं नेमकं कुठे अडतंय? उत्तरं मिळू लागली, की तक्त्याचं काय करायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.