अखनाईची भट्टी : बहुमताचा निर्णय आणि शब्दांची इजा

यहुदी धर्मशास्त्राच्या अभ्यासात बॅबिलोनी तालमूदचे स्थान केंद्रवर्ती आहे. इ.स. २०० च्या सुमारास रब्बी यहुदा हानासी यांनी सिद्ध केलेली 'मिश्ना' ही विधिसंहिता आणि तिच्यावर पुढील काही शतके झालेली विद्वच्चर्चा यांतून हा ग्रंथ आकारास आला. मूळ सूत्र आणि त्यावरील भाष्य ही रचना मराठी अभ्यासकास अपरिचित नाही. तालमूदचा विशेष असा की, विधिनियमांची काटेकोर चर्चा चालू असतानाच त्यात कथा येते आणि ती कथा पुष्कळदा त्या चर्चेचीच परीक्षा घेते. 'बावा मेत्सिया' या प्रकरणातील अखनाईच्या भट्टीची कथा हे याचे उत्तम उदाहरण होय. या कथेचा पूर्वार्ध सर्वत्र उद्धृत केला जातो. उत्तरार्धाकडे मात्र तितकेसे लक्ष जात नाही. हे दोन्ही भाग एकत्र वाचल्यास कथेचा आशय कसा पालटतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कथेतील वाद वरकरणी क्षुल्लक आहे. मातीची भट्टी आडवी कापून तिचे तुकडे केले आणि त्या तुकड्यांमध्ये वाळू भरून ती पुन्हा उभी केली, तर तिला विटाळ होतो की नाही? रब्बी एलिएझर यांच्या मते ती शुद्ध राहते. इतर सर्व पंडितांच्या मते तिला विटाळ होतो. एलिएझर सर्व युक्तिवाद मांडतात, पण ते कोणालाही पटत नाहीत. मग ते चमत्कारांची साक्ष काढतात. झाड जागेवरून उखडले जाते, पाटाचे पाणी उलटे वाहते, अध्ययनगृहाच्या भिंती कलतात. अखेरीस आकाशवाणीही त्यांच्याच बाजूने होते. तेव्हा रब्बी यहोशुआ उभे राहतात आणि धर्मशास्त्र आता स्वर्गात नाही, या अर्थाचे 'अनुवाद' ग्रंथातील वचन पुढे करतात. शास्त्र एकदा सिनाई पर्वतावर दिले गेले. यापुढील निर्णय बहुमताने व्हावयाचा, असे स्पष्टीकरण रब्बी यिर्मिया देतात. आपल्या लेकरांनी आपणास जिंकले, असे म्हणून ईश्वर हसला, असेही कथा सांगते.

आधुनिक विधिचिंतकांना हा भाग विशेष प्रिय आहे. अर्थनिर्णयाची मानवी स्वायत्तता इतक्या निःसंदिग्धपणे सांगणारे प्राचीन धार्मिक आख्यान विरळाच. इत्झाक एंग्लार्ड यांनी १९७५ साली या कथेच्या विविध अर्थनिर्णयांचा परामर्श घेतला. त्यावरून बहुमत आणि व्यक्तीला प्रतीत झालेले सत्य यांतील संघर्ष हाच तिचा गाभा मानण्याची परंपरा किती दृढ आहे, हे ध्यानात येते. परंतु कथा ईश्वराच्या हास्यापाशी संपत नाही.

त्याच दिवशी एलिएझर यांनी शुद्ध ठरविलेल्या सर्व वस्तू आणून जाळल्या जातात. सभा मतदान करून त्यांना वाळीत टाकते. ही वार्ता अयोग्य माणसाने कळविली तर अनर्थ ओढवेल, म्हणून रब्बी अकिवा स्वतः जातात. काळी वस्त्रे परिधान करून गुरूपासून चार हात दूर बसतात आणि आपले सहाध्यायी आपणापासून दुरावल्यासारखे वाटतात, एवढेच म्हणतात. एलिएझर शोक पाळणाऱ्याप्रमाणे वस्त्रे फाडून भुईवर बसतात. त्यांच्या डोळ्यांतून अश्रू ओघळताच ऑलिव्ह, गहू आणि जव यांचे एकतृतीयांश पीक नष्ट होते. पंडितसभेचे प्रमुख रब्बन गमलिएल तेव्हा जहाजात असतात. त्यांच्यावर प्रचंड लाट चालून येते. हे आपण स्वतःच्या मानासाठी नव्हे, तर लोकांत कलह माजू नयेत म्हणून केले, असे ते ईश्वराला सांगतात आणि समुद्र शांत होतो. परंतु पुढे एके दिवशी एलिएझर साष्टांग पडून आपले दुःख ईश्वरापुढे मांडतात आणि गमलिएल मृत्यू पावतात. एलिएझर यांची पत्नी इम्मा शालोम ही गमलिएल यांची बहीण. सर्व दारे बंद झाली तरी दुखावलेल्या माणसाच्या आर्ततेचे दार बंद होत नाही, ही आजोळची नव्हे, तर आपल्या पितृकुळाची शिकवण होती, असे ती सांगते.

ही कथा तालमूदमध्ये कोठे येते, हे येथे निर्णायक ठरते. शुद्धाशुद्धतेच्या प्रकरणात ती येत नाही. बहुमताच्या चर्चेतही येत नाही. ती येते व्यापारातील फसवणुकीच्या नियमांना जोडून आलेल्या, शब्दांनी केलेल्या इजेच्या चर्चेत. ज्या मिश्नावर हे भाष्य आहे, ती सांगते की पश्चात्ताप झालेल्यास त्याच्या पूर्वकृत्यांची आठवण देऊ नये आणि धर्मांतरितांच्या पुत्रास त्याच्या पूर्वजांच्या कृत्यांची. जेफ्री रुबेन्स्टाइन यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या तालमूदकथांवरील ग्रंथात या संदर्भाचे महत्त्व विशद केले आहे. हा संबंध केवळ शब्दसाधर्म्याने जुळला असावा, असा आक्षेप घेता येईल. परंतु जेरुसलेम तालमूदमध्ये हीच कथा बहिष्काराच्या नियमांत येते आणि तेथे गमलिएल यांच्या मृत्यूचा प्रसंग नाही. बॅबिलोनी संपादकांनी कथेला वेगळ्या ठिकाणी नेऊन वेगळा शेवट दिला, तो हेतुपुरस्सर होय, असेच म्हणावे लागते.

येथे एक भेद मात्र ध्यानात ठेवावयास हवा. उत्तरार्ध पूर्वार्धाला खोडून काढत नाही. एलिएझर यांचे अश्रू ओघळले म्हणून भट्टी शुद्ध ठरत नाही. बहुमताचा निर्णय कायम राहतो. गमलिएल यांचा हेतूही खोटा ठरत नाही, अन्यथा समुद्र शांत झाला नसता. कथेचे म्हणणे अधिक कठोर आहे : निर्णय योग्य असणे आणि हेतू शुद्ध असणे या दोहोंनी मिळूनही पराभूत पक्षास दिलेल्या अवमानाची भरपाई होत नाही. आपले म्हणणे मान्य करून घेण्याचा अधिकार सभेला आहे. ते न मानणाऱ्यास उद्ध्वस्त करण्याचा नाही.

हा प्रश्न प्राचीन ग्रंथापुरता मर्यादित नाही. मराठी मातृभाषा असलेला कोकणातील बेने इस्राएल समाज इस्राएलमध्ये स्थायिक झाल्यावर त्याच्या विवाहांविषयी रब्बीनी विधीच्या आधारे शंका उपस्थित झाल्या. रब्बीनी परंपरेपासून दीर्घकाळ दूर राहिलेल्या या समाजातील पूर्वीचे घटस्फोट विधियुक्त होते काय, असा तो प्रश्न होता. असे विवाह तत्त्वतः ग्राह्य मानले गेल्यावरही १९६२ साली मुख्य रब्बींच्या कार्यालयाने त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. शास्त्रदृष्ट्या शंकेला आधार असेलही. परंतु एका समाजाचे नाव घेऊन त्याच्या पूर्वजांची झडती घेणे ही नेमकी शब्दांची इजा होती. बेने इस्राएल धर्मांतरित नव्हेत. तथापि पूर्वजांची आठवण देऊन कोणास लज्जित करू नये, हा मिश्नाचा दंडक येथे आठवल्यावाचून राहत नाही. समाजाने आंदोलन केले, १९६४ साली नेसेटने त्यांच्या समान दर्जाचा ठराव संमत केला आणि त्यानंतर निर्देशांतील त्यांचा नामोल्लेख वगळण्यात आला. विधी टिकला, अवमानकारक शब्द मागे घ्यावे लागले.

तालमूदच्या 'सन्हेद्रिन' या प्रकरणात एलिएझर यांच्या मृत्यूचे वर्णन आहे. अखेरच्या क्षणीही शिष्य त्यांना शुद्धाशुद्धतेचेच प्रश्न विचारतात आणि 'शुद्ध' हा शब्द उच्चारताना त्यांचा प्राण जातो. तेव्हा रब्बी यहोशुआ उभे राहतात आणि बहिष्कार संपल्याचे घोषित करतात. आकाशवाणी नाकारण्यासाठी उभे राहिलेले यहोशुआ तेच. उभे राहण्याचे शब्दही दोन्ही ठिकाणी तेच आहेत. ही घोषणा ऐकावयास एलिएझर मात्र हयात नाहीत. परंपरेने आपली चूक झाकून ठेवली नाही. ती अध्ययनाचा विषय केली. तालमूदच्या अभ्यासाचे मोल या प्रामाणिकपणात आहे.