‘साहस’ या शब्दाची उलटतपासणी : ‘स्त्री-पुरुष तुलना’चे एक वाचन

ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ मध्ये पुण्यात छापला गेला. त्यानंतर सुमारे नऊ दशके तो मराठी वाचकाच्या दृष्टीआड राहिला. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो संपादून पुन्हा प्रसिद्ध केला; १९९४ मध्ये रोझालिंड ओ’हॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद आल्यानंतर मराठीबाहेरील अभ्यासकांचेही लक्ष त्याकडे वेधले गेले. आज या निबंधाला मान्यता आहे. मात्र ही मान्यता कोणत्या दालनात मिळाली हे पाहण्यासारखे आहे. स्त्रीमुक्तीच्या विचाराचा आरंभबिंदू, सत्यशोधक परंपरेतील एक तेजस्वी पान, एकोणिसाव्या शतकातील विधवाप्रश्नाचा दस्तऐवज अशी त्याची ओळख करून दिली जाते. मराठी समीक्षेचा इतिहास सांगताना मात्र चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’पासून सुरू होणाऱ्या वाटेवर ताराबाईंचा मुक्काम लागत नाही. या निबंधाचा एक महत्त्वाचा भाग ग्रंथांच्या वाचनाने व्यापलेला असूनही असे घडावे, हे केवळ अनवधान म्हणून सोडून देता येत नाही.

निबंधाला निमित्त झाले ते सुरतेच्या एका खटल्याचे. विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून १८८१ मध्ये फाशीची शिक्षा सुनावण्यात आली; अपिलात फाशी टळली आणि शिक्षा कमी झाली. या खटल्याच्या अनुषंगाने ‘पुणेवैभव’सारख्या पत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर कोरडे ओढले गेले. बुलढाण्याच्या ताराबाईंनी लेखणी उचलली ती या टीकेला उत्तर देण्यासाठी. एका स्त्रीच्या एका कृत्याचा निवाडा न्यायालयाने केला होता. पत्रकर्त्यांनी तोच निवाडा एका जातीच्या स्वभावाचा करून टाकला. कृतीपासून स्वभावाकडे झालेली ही उडी नेमकी कशाच्या बळावर मारली जाते, हा ‘तुलने’चा मूळ प्रश्न आहे.

त्या प्रश्नाची किल्ली निबंधाच्या पूर्ण शीर्षकातच आहे. स्त्रिया व पुरुष यांत ‘साहसी’ कोण, हे स्पष्ट करून दाखविण्याचा हेतू तेथे नोंदविलेला आहे. आजच्या मराठीत ‘साहस’ हा शब्द गौरवाचा झाला आहे. गिर्यारोहक साहसी असतो, दर्यावर्दी साहसी असतो. त्यामुळे शौर्यात कोण सरस, अशी काहीशी ही स्पर्धा असावी असा आजच्या वाचकाचा समज होणे शक्य आहे. परंतु धर्मशास्त्रात ‘साहस’ हे अठरा व्यवहारपदांपैकी एक आहे. बळजोरीने केलेला अपराध असा त्याचा अर्थ असून त्याच्या दंडाच्या प्रथम, मध्यम व उत्तम अशा श्रेणीही ठरलेल्या आहेत. संस्कृत सुभाषितांत हाच शब्द दुसऱ्या वाटेने येतो. स्त्रियांच्या जन्मजात दोषांची जी यादी परंपरेने मुखोद्गत ठेवली, तीत असत्य, कपट, लोभ यांच्या जोडीला साहसही बसविलेले आहे. व्यवहारशास्त्रात साहस ही कुणा एका व्यक्तीची, पुराव्याने सिद्ध करावयाची कृती होती. सुभाषितात ते एका लिंगाचे अंगभूत लक्षण झाले आणि लक्षणाला पुरावा लागत नाही. ताराबाईंनी हा शब्द शीर्षकात घेऊन त्याला सुभाषितातून बाहेर काढले आणि पुन्हा साक्षीपुराव्याच्या पिंजऱ्यात उभे केले. निबंधाची सारी रचना या एका हालचालीतून उलगडते.

ही रचना वरवर पाहता अव्यवस्थित वाटते. ईश्वराला घातलेली हाक, पुरुषवर्गाला समोर बसवून केलेली झाडाझडती, मध्येच उपहास, मध्येच विलाप असा तिचा बाज आहे. परंतु या भावनावेगाखाली एक शिस्तबद्ध पद्धती आहे. भर्तृहरीच्या ‘शृंगारशतका’तील एका प्रसिद्ध श्लोकात स्त्रीवर जी दूषणे रचलेली आहेत, ती ताराबाई एकेक करून हाती घेतात. संशय, अविनय, साहस, कपट अशा प्रत्येक दूषणापाशी थांबून, याच मापाने पुरुषाला मोजले तर काय दिसते, असा त्यांचा प्रश्न असतो. श्लोकाची शक्ती त्याच्या गतीत असते. दूषणे एकामागून एक अशी येतात की विचारायला उसंत मिळत नाही. ताराबाई ती गतीच मोडून काढतात. अलंकाराने सांधलेली यादी सुटी करून प्रत्येक घटकाला अर्थ विचारणे, ही कृती निव्वळ सामाजिक रोषाची नाही. ती वाचनाची, म्हणजेच समीक्षेची कृती आहे. ‘तुलना’ हा शब्दही येथे तराजूचा मूळ अर्थ धारण करतो. स्त्रीच्या बाजूचे पारडे रिकामे करणे हा त्यांचा हेतू दिसत नाही. दुसऱ्या पारड्यात आजवर काहीच कसे घातले गेले नाही, हे त्यांना दाखवायचे आहे.

हीच दृष्टी पुढे समकालीन वाङ्मयाकडे वळते. ‘स्त्रीचरित्र’, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) आणि ‘मनोरमा’ नाटक यांचा परामर्श निबंधात येतो. संस्कृत सुभाषित, लोकप्रिय कथा, अद्भुतरम्य कादंबरी आणि सामाजिक नाटक हे प्रकार वाङ्मयेतिहासाने वेगवेगळ्या प्रकरणांत विभागले आहेत. ताराबाईंना ते एकाच सलग संभाषणाचे भाग दिसतात. जुन्या श्लोकातील स्त्रीस्वभाव नव्या कादंबरीत पात्र होऊन वावरतो, आणि त्या पात्राशी परिचित झालेला वाचकच वर्तमानपत्रात विधवेवर अग्रलेख लिहितो, हे सातत्य त्यांनी हेरले. वाङ्मय समाजाचे प्रतिबिंब आहे, हे विधान त्या काळी नवे होते. समाज ज्या डोळ्यांनी पाहतो ते डोळे वाङ्मय घडविते, ही जाणीव त्याच्याही पुढची होती.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीरपणे घ्यावयास हवा. ताराबाई कल्पित पात्रांना जिवंत माणसांप्रमाणे जाब विचारतात; कलाकृतीची स्वायत्तता त्यांना मान्य नाही; त्यामुळे हे वाचन नीतिवादी ठरते, असे म्हणता येईल. हा आक्षेप स्वायत्ततावादी समीक्षेच्या निकषांवर योग्यही आहे. परंतु ज्या ग्रंथांचे हे वाचन आहे, त्यांनी स्वतः स्वायत्ततेचा दावा कधी केला होता? त्या काळच्या कादंबरीला मनोरंजनाबरोबर नीतिबोधही करावयाचा होता. सद्गुणी जनांचा उत्कर्ष आणि दुर्जनांचे पारिपत्य दाखवून ती वाचकाला उपदेश करीत होती. उपदेश करणाऱ्या ग्रंथाला उपदेशाच्याच कसोटीवर तपासणे हा अन्याय नाही. शिवाय ताराबाईंचा रोख केवळ नीतीवर नाही, संभाव्यतेवरही आहे. अशा स्त्रिया घराघरांत आढळतात काय, आणि आढळतच असतील तर त्यांच्याइतके कपटी पुरुष लेखकाच्या नजरेला का पडत नाहीत, हे प्रश्न वास्तवाच्या चित्रणाविषयीचे, म्हणजे पूर्णतः वाङ्मयीन आहेत.

तरीही समीक्षेने ताराबाईंना आपले मानले नाही, याचे एक कारण सहानुभूतीच्या राजकारणात शोधता येते. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’पासून (१८५७) हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’पर्यंत (१८९३) स्त्रीदुःखाच्या चित्रणाला वाङ्मयेतिहासात मानाचे स्थान आहे, आणि ते रास्तही आहे. मात्र या परंपरेत स्त्री ही दुःख सांगणारी असते. निवाडा वाचकाने, बहुधा पुरुष वाचकाने, करावयाचा असतो. ‘तुलने’त स्त्री दुःख सांगून थांबत नाही, तीच निवाडा करते. करुणेला सौंदर्यमूल्य देणाऱ्या अभिरुचीला स्त्रीच्या मुखातील युक्तिवाद हा कर्कशपणा वाटतो. खुद्द सत्यशोधकांपैकी काहींना हा सूर रुचला नाही. जोतीराव फुले यांना १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची पाठराखण करावी लागली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. पुढे १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेव्हा ‘विभावरी शिरूरकर’ या नावामागे कोण, याचीच चर्चा अधिक रंगली. ताराबाईंनी पन्नास वर्षे आधी स्वतःच्या नावाने लिहिले होते. नाव लपविणाऱ्या लेखिकेचा शोध घेतला गेला, नाव लावणारीचा विसर पडला.

या निबंधाचा गौरव करताना त्याच्या मर्यादांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पातिव्रत्याच्या आदर्शाला ताराबाई उघड आव्हान देतात, पण तो समूळ नाकारीत नाहीत. पुरुषानेही तसाच एकनिष्ठ असावे, ही त्यांची मागणी अनेक ठिकाणी त्या आदर्शाच्या चौकटीतच राहते. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ अशी दोन पारडी केली की प्रत्येक पारड्यातील उतरंड झाकली जाते. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिणाऱ्या मुक्ता या फुल्यांच्या विद्यार्थिनीने बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसणाऱ्या बायांची व्यथा मांडली होती. ती बाई ‘तुलने’तील उंबरठ्याआड कोंडलेल्या स्त्रीहून वेगळी आहे, तिचा छळ करणाऱ्यांत केवळ पुरुष नाहीत. पुढील काळात दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनी जो प्रश्न मराठी स्त्रीवादापुढे ठेवला, त्याचे बीज मुक्ताच्या निबंधात होते, ताराबाईंच्या नव्हते. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचले तरच एकोणिसाव्या शतकातील स्त्रीलेखनाचे पूर्ण चित्र उभे राहते.

असे असूनही ताराबाईंची पद्धती कालबाह्य झालेली नाही. २०२३ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीश व वकील यांच्यासाठी एक पुस्तिका काढली. निकालपत्रांत व युक्तिवादांत स्त्रियांविषयी वापरले जाणारे साचेबंद शब्द आणि त्यांमागील गृहीतके तीत नोंदविली असून पर्यायी शब्दही सुचविले आहेत. न्यायदानाच्या भाषेत स्वभावाविषयीचे पूर्वग्रह मुरलेले असतात आणि ते शब्दाशब्दाने उपसून काढावे लागतात, हे तत्त्व त्यामागे आहे. सुरतेच्या निकालानंतर एकाच वर्षात, कोणत्याही न्यायपीठाचा आधार नसताना, बुलढाण्याच्या एका स्त्रीने एक शब्द निवडून हेच काम आरंभिले होते. मराठी समीक्षेने तिला समाजसुधारणेच्या दालनातून आपल्या दालनात आणले, तर त्यात उपकाराचा भाग नसेल. ग्रंथातील शब्दाचे माणसाच्या जगण्यावर काय परिणाम होतात, हे विचारणारी आपलीच एक जुनी वाट समीक्षेला त्यातून परत मिळेल.