आपडी-थापडी शिकवणाऱ्या आज्या

आमच्या अमरावती-अकोल्याकडं भादव्याच्या पुनवेला भुलाबाई बसते अन् कोजागिरीपर्यंत राहते. महिनाभर पोरी संध्याकाळी घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, डबा हलवून खाऊ ओळखतात. त्यांच्या मागंमागं आलेल्या दोन-तीन वर्षांच्या लेकरांच्या हाती टिपरी देता येत नाही. त्यांना एखादी आजी जवळ घेऊन बसायची आणि आपडी-थापडी सुरू करायची. अमेरिकेतही आपण भुलाबाई टिकवली. ज्वारीचे धांडे नाहीत, तर ऑक्टोबरात दुकानात सजावटीला येणारे मक्याचे धांडे आणून खोपडी उभी केली. त्याचं कौतुक होतं आणि व्हायलाच हवं. पण आजीचा तो खेळही इथं आला, जगला, आणि त्याबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

आपडी-थापडीला सामान काहीच लागत नाही. सगळ्यांनी गोल बसायचं, तळहात जमिनीवर पालथे ठेवायचे. एकजण गाण्याच्या ठेक्यावर प्रत्येक हातावर थाप देत फिरतो. शेवटी सगळे शेजाऱ्यांचे कान धरतात आणि डुलतात. मोठ्यांना वाटतं, यात शिकवण्यासारखं काय आहे? एखाद्या अडीच वर्षांच्या लेकराला शिकवून बघावं म्हणजे कळतं. ते हात ठेवतं आणि थाप यायच्या आत उचलतं. नाहीतर त्याला स्वतःलाच थापा मारायच्या असतात. दुसऱ्याच्या हातावर थाप पडत असताना आपला हात स्वस्थ ठेवणं हे त्या वयात फार अवघड काम आहे.

आमच्या मंडळात अकोल्याहून लेकीकडं आलेल्या एका आजींना मी हे शिकवताना जवळून पाहिलं. त्यांनी आधी गाणं म्हटलंच नाही. लेकराचा हात आपल्या हातावर ठेवला आणि त्यालाच थापा मारू दिल्या. त्याची हौस फिटल्यावर हातांची अदलाबदल केली. त्यांची थाप पोकळ तळव्याची, आवाज होईल पण लागणार नाही अशी. लेकरू चुळबुळलं की म्हणायच्या, "थांब न माय, तुहा नंबर येऊनच रायला." कान धरायची वेळ आली तेव्हा त्यांनी एकदम शेजारच्या पोराचा कान हाती दिला नाही. "आधी माहा कान धर," म्हणाल्या, आणि ओढणारी इवली बोटं ढिली होईपर्यंत थांबल्या. एवढं झाल्यावर गाणं आलं.

त्या गाण्याचा अर्थ मुलांना कळत नाही अशी काही आईबापांची तक्रार असते. आपल्याला तरी कुठं कळत होता? ते शब्द ठेक्यासाठी आहेत. १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं, पुढं गावोगावी मराठी शाळा निघाल्या, त्यांचं काम मोठंच आहे. पण शाळेत अक्षरं गिरवायच्या कितीतरी आधी, घराबाहेरचं इंग्रजी जिभेवर बसायच्या आत, मराठीचा ठेका हातावर पडतो तो या खेळातून.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसकट आपले देशी खेळ दाखवायला गेलं होतं. त्याचा अभिमान आम्हां अमरावतीकरांना आजही आहे. आपडी-थापडीला पथक नव्हतं. ती लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने आलेल्या आज्यांबरोबर आली. माझ्या लेखी हे कर्तृत्व त्या पथकाच्या तोडीचं आहे.

आता त्या आज्या थकल्या. एवढा लांबचा विमानप्रवास त्यांना झेपत नाही. व्हिडिओ कॉलवर गाणं ऐकू येतं, पण हातावर थाप पडत नाही. मग हे काम कुणी उचललं? आज्यांच्या पुढ्यात बसून शिकलेल्या आणि आता हायस्कुलात गेलेल्या आपल्या पोरींनी. गेल्या भुलाबाईला त्यांतली एकजण लहानग्यांना घेऊन बसली होती. सूचना सगळ्या इंग्रजीत, पण खेळ सुरू झाला की गाणं मराठीत, आणि थाप तीच, पोकळ तळव्याची. एका लेकरानं हात उचलला, तेव्हा ती रागावली नाही. त्याचा हात तिनं आपल्या हातावर ठेवून घेतला. हे तिला कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही.

यंदा भुलाबाईच्या उजव्या अंगाला लहानग्यांसाठी वेगळी सतरंजी टाकतो आहोत. आईबापांनी खुर्च्या सोडून तिथं खाली बसावं, आणि आपापल्या घरची चाल येत असेल तर ती या पोरींना ऐकवावी.