अनधिकृत ध्वनिमुद्रणे आणि संगीतकृतीचे पाठभेद : प्रोग्रेसिव्ह रॉकच्या संदर्भात

प्रस्तावना :
१९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रॉक संगीताचा जो एक प्रवाह उदयास आला, त्यास 'प्रोग्रेसिव्ह रॉक' असे संबोधले जाते. तीन-चार मिनिटांच्या गीताऐवजी दीर्घ रचना, पाश्चात्त्य अभिजात संगीत व जॅझ यांचे संस्कार आणि स्टुडिओतील तांत्रिक प्रयोग ही त्याची ठळक वैशिष्ट्ये होत. पिंक फ्लॉइड, किंग क्रिम्झन, जेनेसिस, येस हे त्यातील प्रमुख बँड. त्यांच्या संगीताचा विचार बहुधा अधिकृत अल्बमच्या आधारेच केला जातो. परंतु त्यास समांतर अशी आणखी एक सामग्री श्रोत्यांनी जमवली आहे. ती म्हणजे कलावंतांच्या अनुमतीविना केलेली मैफलींची ध्वनिमुद्रणे, अर्थात 'बूटलेग'. हा संग्रह केवळ चाहत्यांची हौस आहे, की संगीतसमीक्षेचे साधन, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संग्रहाची पद्धती :
या मुद्रणांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात : प्रेक्षागृहात बसून केलेली, ध्वनिनियंत्रण यंत्रणेतून थेट घेतलेली आणि रेडिओ प्रक्षेपणावरून उतरवलेली. चुंबकीय फितीच्या काळात प्रत्येक नकलेगणिक खरखर वाढे व उच्च स्वर क्षीण होत. त्यामुळे हाती आलेली प्रत मूळ फितीपासून कितव्या पिढीची आहे, याची नोंद ठेवणे जाणकार संग्राहकांना अगत्याचे वाटू लागले. स्थळ, दिनांक, उपकरणे आणि नकलांची वंशावळ नोंदवण्याचा, तसेच विक्री न करता केवळ देवाणघेवाण करण्याचा दंडक त्यांच्यात रूढ झाला. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला ही रीत अपरिचित वाटणार नाही. पाठचिकित्सेतही पोथीची विश्वसनीयता तिच्या परंपरेवरून ठरवली जाते.

पाठभेदांचे महत्त्व :
पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम मार्च १९७३ मध्ये प्रकाशित झाला. तथापि ही रचना १९७२ च्या प्रारंभापासूनच रंगमंचावर सादर होत होती. लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये फेब्रुवारी १९७२ मध्ये झालेल्या मैफलीची अनधिकृत तबकडी तर अल्बमच्या आधीच बाजारात आली. अल्बममध्ये जिथे क्लेअर टॉरी हिचा शब्दविरहित आलाप ऐकू येतो, तिथे या मुद्रणात ऑर्गन आणि धार्मिक वचनांचे ध्वनिमुद्रित पठण आहे. मृत्यू हा विषय तोच आहे. परंतु आधी त्यावर भाष्य करणारी वाणी होती, नंतर केवळ आक्रोश उरला. हे स्थित्यंतर अल्बम ऐकून कळत नाही. १९७४ मध्ये गायिलेल्या दोन रचनाही नावे व शब्द बदलून १९७७ च्या 'ॲनिमल्स' मध्ये अवतरल्या.

किंग क्रिम्झनचे उदाहरण याहून सूचक आहे. त्यांच्या १९७४ च्या 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' या अल्बमचा बराचसा भाग मैफलींतील मुद्रणांचा असून त्यातून श्रोत्यांचा आवाज काढून टाकण्यात आला. उलटपक्षी, जेनेसिसने १९९८ मध्ये १९७५ ची लॉस एंजेलिस येथील मैफल प्रकाशित केली, तेव्हा पीटर गॅब्रिएलने आपल्या गायनाचे व स्टीव्ह हॅकेटने गिटारवादनाचे काही भाग नव्याने मुद्रित केले. म्हणजे अधिकृत 'स्टुडिओ' अल्बममध्ये मैफल दडलेली असते आणि अधिकृत 'मैफली'त स्टुडिओ. अशा वेळी सदोष ध्वनीचे अनधिकृत मुद्रण हेच त्या सायंकाळचे अधिक प्रामाणिक साक्षीदार ठरू शकते.

अनुमतीचा प्रश्न :
असे असले, तरी साधनाचे मोल सिद्ध झाल्याने ते मिळवण्याचा मार्ग समर्थनीय ठरत नाही. अनुमतीविना होणाऱ्या मुद्रणापासून कलावंतास संरक्षण देण्याचे तत्त्व १९६१ च्या रोम करारात मान्य झाले. भारतातही १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचे हक्क समाविष्ट झाले. किंग क्रिम्झनचा रॉबर्ट फ्रिप हा अशा मुद्रणांचा कट्टर विरोधक. मैफल हा कलावंत व श्रोता यांच्यातील परस्परविश्वासाचा व्यवहार आहे आणि लपवलेला मायक्रोफोन त्या विश्वासाचा भंग करतो, हा आक्षेप गंभीर आहे. तरीही त्याच्याच संस्थेने १९९८ पासून सदस्यांसाठी जुन्या मैफली प्रकाशित करण्यास प्रारंभ केला, तेव्हा १९६९ मधील काही मैफलींसाठी श्रोत्यांनी केलेल्या मुद्रणांचाच आधार घ्यावा लागला.

माइक मिलार्ड याचे उदाहरण या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. चाकांच्या खुर्चीत उपकरणे दडवून सभागृहात नेण्याची त्याची क्लृप्ती संग्राहकांत प्रसिद्ध आहे. २६ एप्रिल १९७५ रोजी लॉस एंजेलिस येथे त्याने केलेले पिंक फ्लॉइडच्या मैफलीचे मुद्रण, स्टीव्हन विल्सनने केलेल्या ध्वनिसंस्कारानंतर, 'विश यू वेअर हिअर' च्या डिसेंबर २०२५ मधील सुवर्णमहोत्सवी आवृत्तीत अधिकृतपणे समाविष्ट झाले. मिलार्ड १९९४ मध्येच निवर्तला होता. ज्याने बँडची अनुमती घेतली नव्हती, त्याची अनुमती घेणे आता बँडलाही शक्य नव्हते. पन्नास वर्षांनंतरच्या या स्वीकृतीने मूळचा भंग पुसला जात नाही. मात्र तो घडला नसता, तर हे मुद्रण उपलब्धच झाले नसते, हेही नाकारता येत नाही.

समारोप :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, अनधिकृत मुद्रणाकडे अल्बमची निकृष्ट नक्कल म्हणून पाहणे जितके अपुरे, तितकेच त्यास दुर्मिळ वस्तू म्हणून मिरवणेही अपुरे आहे. एकाच दौऱ्यातील शेकडो मैफली साठवून ठेवणारा, परंतु त्यांची परस्परांशी तुलना न करणारा संग्राहक हा कोठारपाल होय, अभ्यासक नव्हे. संग्रहाला ज्ञानमूल्य येते ते नोंदींच्या काटेकोरपणामुळे व पाठभेदांच्या चिकित्सेमुळे. ही चिकित्सा करणाऱ्या समीक्षकाने आपल्यापुढील साधन कुणाच्या तरी नकाराला डावलून हाती आले आहे, याचे भान आपल्या लेखनात प्रकटपणे राखले पाहिजे. वंशावळीत पिढ्यांची नोंद होते. तिथेच अनुमतीचीही नोंद व्हावी, एवढी अपेक्षा गैर ठरू नये.