'नाओमी' कादंबरीतील सौंदर्यदृष्टी : एक पुनर्विचार

आशियाई स्त्रीच्या सौंदर्यकल्पनेवर पाश्चात्त्य मानदंडांचा जो पगडा बसला, त्याचे विवेचन बहुधा एका सुलभ सूत्राने केले जाते : पश्चिमेने आदर्श धाडला आणि पूर्वेकडील स्त्रीने तो शिरोधार्य मानला. या सूत्रात देणारा आहे आणि घेणारीही आहे. परंतु त्या दोघांच्या मध्ये उभा असलेला तिसरा घटक, म्हणजे पाहणारा स्वदेशीय पुरुष, दृष्टीआड राहतो. जपानी कादंबरीकार जुनिचिरो तानिझाकी (१८८६-१९६५) यांच्या 'चिजिन नो आइ' या कादंबरीचे महत्त्व हे, की तिने या तिसऱ्या घटकालाच निवेदक केले. शीर्षकाचा अर्थ 'एका मूर्खाचे प्रेम' असा होतो. १९८५ साली निघालेल्या इंग्रजी भाषांतराला मात्र 'नाओमी' हे नाव मिळाले. मूळ शीर्षकाचे बोट पुरुषाकडे होते; भाषांतरात ते स्त्रीकडे वळले. समीक्षेचेही पुष्कळदा असेच झाले आहे.

कथानक थोडक्यात असे. जोजी हा अठ्ठावीस वर्षांचा, चांगल्या पगाराचा विद्युत अभियंता. तोक्योमधील एका कॅफेत काम करणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीकडे तो आकृष्ट होतो. तिचे नाव ऐकताच ते रोमन लिपीत लिहिल्यास परदेशी वाटेल, हे त्याच्या मनात येते. तिचा चेहरा त्याला मेरी पिकफर्ड या चित्रपट-अभिनेत्रीसारखा भासतो. तो तिला घरी आणतो, इंग्रजी व संगीत शिकवतो, पुढे तिच्याशी विवाह करतो. शेवटी नाओमी स्वच्छंदपणे वागू लागते. योकोहामा येथील पाश्चात्त्य धाटणीच्या घरात तिच्या सर्व अटी मान्य करून तो तिचा अंकित होऊन राहतो.

ही कादंबरी जपानच्या पाश्चात्त्यीकरणाची रूपककथा म्हणून वाचण्याची रूढी आहे. नाओमी म्हणजे पश्चिमेचे मोहक व भ्रष्ट अनुकरण आणि जोजी म्हणजे त्या मोहाला बळी पडलेला जपान, असा तो अर्थ. हा अर्थ सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु त्यात एक मूलभूत दोष आहे. नाओमीला पश्चिमेचे चिन्ह मानणे हीच तर जोजीची कृती होय. रूपकवादी समीक्षक ज्या दृष्टीची चिकित्सा करू पाहतो, तीच दृष्टी तो नकळत उसनी घेतो.

संहितेतील पुरावा वेगळीकडे निर्देश करतो. आपण श्रीमंत असतो तर पश्चिमेत जाऊन तिथल्या स्त्रीशी विवाह केला असता, अशी जोजीची कबुली आहे. आणि पैसा असता तरी आपला ठेंगणा बांधा, काळसर वर्ण व वेडेवाकडे दात पाहता तेवढे धैर्य झाले नसते, हेही तो सांगतो. म्हणजे देहाविषयीची लज्जा या कादंबरीत प्रथम उत्पन्न होते ती पुरुषाच्या ठायी. ती तो नाओमीच्या देहावर उतरवतो आणि तिच्या द्वारा तिचे परिमार्जन शोधतो. हे परिमार्जन कधीच पुरे पडत नाही. नृत्य शिकवणाऱ्या रशियन स्त्रीचा हात हाती येताच, आजवर शुभ्र वाटलेली नाओमीची त्वचा त्याला मलिन भासू लागते. नाओमीत या क्षणी काहीही पालटलेले नसते; पालटते ते तुलनेचे परिमाण. परक्या मानदंडाचे स्वरूपच असे आहे, की तो गाठता येत नाही. जवळ गेले की तो आणखी दूर सरकतो.

प्रकाशनाचा इतिहासही या दृष्टीने बोलका आहे. १९२४ साली वृत्तपत्रातून सुरू झालेले हे लेखन मध्येच थांबले आणि पुढचा भाग 'जोसेइ' (स्त्री) या मासिकातून १९२५ पर्यंत आला. हे मासिक काढणारी प्रकाशनसंस्था ओसाकामधील एका सौंदर्यप्रसाधनांच्या व्यवसायाने स्थापन केली होती. ज्या पृष्ठांवर गौरवर्णाच्या वेडाची ही शोकान्त थट्टा छापली जात होती, त्या पृष्ठांमागे पावडर व साबण यांचा व्यापार उभा होता.

तथापि पाश्चात्त्य मानदंडाच्या जागी देशी मानदंड बसवला म्हणजे स्त्रीची सुटका होते, असे मानण्यास तानिझाकींचेच पुढील लेखन अवसर देत नाही. १९३३-३४ मधील 'इन्-एइ राइसान' या छायास्तुतिपर निबंधात त्यांनी जुन्या जपानी स्त्रीचे वर्णन केले आहे : काळे केलेले दात, अंधारात उजळणारा पांढरा चेहरा, आणि वस्त्रे पेलण्यापुरताच उरलेला देह. १८७० साली मेइजी शासनाने सरदार घराण्यांना दात काळे करण्याची व भुवया काढण्याची चाल सोडण्याचा आदेश दिला होता. ती नाहीशी होत गेलेली सृष्टी निबंधात हळहळीने स्मरली जाते. ही हळहळ सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु तेथेही शुभ्रता हेच मूल्य आहे, आणि तेथेही स्त्रीचा देह दुसऱ्याच्या नजरेसाठी घडवला जातो. किंबहुना त्या निबंधात देह जवळजवळ नाहीसाच होतो. दिवा बदलला, पाहणारा तोच राहिला.

येथे कादंबरीची मर्यादाही स्पष्ट होते. सारे निवेदन जोजीचे असल्याने नाओमी आरशात स्वतःला कशी पाहते, हे वाचकाला कधीच कळत नाही. घर सोडून गेलेली नाओमी पुन्हा येते तेव्हा तिच्या शुभ्र प्रसाधनामुळे जोजीला क्षणभर ती कोणी अनोळखी पाश्चात्त्य तरुणी वाटते. हा त्याच्या स्वप्नाचा परमोत्कर्ष. पण नेमक्या याच क्षणी तो तिला ओळखू शकत नाही. त्या पावडरीखाली तिला विजय वाटत होता की शीण, याविषयी कादंबरी मूक आहे. तिची सत्ता वाचकाला दिसते. तिचे मन दिसत नाही. आणि ही सत्तादेखील जोजीच्या दुर्बलतेवर उभी आहे, स्वतःच्या देहाविषयीच्या निर्वेध समाधानावर नव्हे.

हे मौन लेखकाचे वैगुण्य मानावे की निवेदनपद्धतीची अपरिहार्यता, याबद्दल मतभेद संभवतात. परंतु त्यातून अभ्यासकाला मिळणारी दिशा निश्चित आहे. 'स्त्रीने पश्चिमेचे अनुकरण का केले?' हा प्रश्न अपुरा आहे. ते अनुकरण कोणाच्या डोळ्यांसाठी होते, त्या डोळ्यांना स्वतःविषयी कोणती लाज होती आणि त्या लाजेची किंमत कोणाच्या देहाने मोजली, हे प्रश्न त्याआधीचे आहेत. तानिझाकींनी मूळ शीर्षकात 'मूर्ख' हा शब्द योजला तो याच अर्थाने समर्पक ठरतो.