सेत्ते २०१० : चवीचा निवाडा



लाल वाइनच्या समीक्षेवर बोलणार म्हटल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, ‘सर, चव ज्याची त्याची. त्यात समीक्षा कसली?’ आज या वाक्याशीच माझं भांडण आहे.

वाइन तशी आपल्या शेजारची. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ मोटेवाडीला ‘फ्रातेल्ली’ कंपनीचे मळे आहेत. तिथल्या ‘सेत्ते’त दोन द्राक्षं आहेत : काबरने सोविन्यों हे फ्रान्समधल्या बोर्दोचं आणि सांजोवेसे हे इटलीतल्या टस्कनीचं. सेत्ते म्हणजे सात. तीन घरांतल्या भावांची ही भागीदारी. वाइन घडवली ती टस्कनीच्या पिएरो मासी यांनी. २०१० सालची एक बाटली माझ्या एका विद्यार्थ्यानं जपून ठेवली होती. ती आम्ही चौघांनी मिळून उघडली.

पहिल्या घोटाला एकजण म्हणाला, ‘वा! अगदी फ्रेंच!’ आता हे कौतुक झालं का? २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांना नावं न सांगता वाइन चाखायला दिल्या होत्या. बोर्दोची नामांकित ‘मूतों रोथशील्ड’, साल १९७०, दुसरी आली. पहिली आली ती कॅलिफोर्नियाची, १९७३ सालची. नाव झाकलं की ‘फ्रेंच’ हा गुण उरत नाही. उरते ती चव.

मग सेत्तेच्या चवीत काय आहे? आधी पिकलं जांभूळ, मागोमाग आमसुलासारखा आंबटपणा. तो आंबटपणा महत्त्वाचा, कारण आपल्या उन्हात पिकलेलं फळ गोडाकडे झुकतं आणि वाइन जड होते. ही जड नाही. तुरटपणा आवळ्याच्या जातीचा, पण वयानं निवळलेला. उणं सांगायचं तर शेवटी फळ आधी संपतं आणि लाकडी पिंपाचा धुरकट वास मागे रेंगाळतो. त्यात दोष बहुधा आमचाच. बाटली दोन-तीन वर्षं आधी उघडायला हवी होती.

आता साल. बोर्दोत वेल हिवाळ्यात झोपतो आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी आणि तोडणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. म्हणजे २०१० चं पीक २००९ मध्येच वाढीला लागलेलं. त्या नोव्हेंबरात ‘फयान’ वादळ आलं आणि अवकाळी पावसानं महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांचं मोठं नुकसान झालं. ते वादळ मला पेल्यात सापडलं का? नाही. सापडलं असं म्हणालो असतो, तर मी चव नाही, बातमी चाखली असती.

कांटनं १७९० मध्ये म्हटलं की कॅनरी वाइन सुखद आहे असं कुणी म्हणालं, तर त्यानं ‘मला’ हा शब्द जोडावा. म्हणजे वाद संपला. ह्यूमनं त्याआधी, १७५७ मध्ये, ‘दोन किहोते’तली गोष्ट दिली होती. एकाला वाइनमध्ये लोखंडाची चव लागते, दुसऱ्याला चामड्याची. लोक हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली किल्ली निघते. मी ह्यूमच्या बाजूचा. ‘मला आवडली’ यावर वाद नाही, हे कबूल. पण ‘लाकूड फळापेक्षा जास्त टिकतं’ हे तुम्ही तपासू शकता, मला खोडूनही काढू शकता. समीक्षा तिथून सुरू होते.

आणि हे आपल्याला नवं नाही. गुऱ्हाळावर काहिलीतला पाक बघून गुळव्या सांगतो, ‘उतरवा आता.’ तेव्हा ‘चव ज्याची त्याची’ असं त्याला कुणी म्हणत नाही. म्हटलंच, तर ढेप बसत नाही! जिभेच्या ज्ञानाला आपण गुऱ्हाळावर मान देतो. तोच मान पेल्याला द्यावा, आणि पुराव्याची तीच अटही घालावी.